सोलां खंय रे?

गेल्या आठवड्यात आमचा केबलवाला दारात उभा राहून म्हणाला, "बाई, नको असलेली चॅनेल्स काढून टाकूया. उगीच कशाला ठेवायची?" मी यादीतली एकेक वाहिनी काढत गेले. मालिकांच्या गेल्या, भक्तीच्या गेल्या, क्रिकेटची एक आजोबांसाठी राहिली. शेवटी इंग्रजी स्वयंपाकाची वाहिनी उरली. मी म्हटलं, "ही असू दे."

आजोबा झोपाळ्यावरून ऐकत होते. "बाकी सगळी बंद केलंस, आनि ह्या एक कित्याक ठेवलंस गो? ती बाय बांगडो दुधात घालता आनि तू बघत ऱ्हवतंस."

"तुमका नाय कळाचा," मी म्हटलं.

खरं तर त्यांना चांगलंच कळतं. कळत नाही ते तुम्हा नातवंडांना, कारण हे घडलं तेव्हा तुमच्यापैकी थोरली चार वर्षांची होती आणि धाकटा जन्माला यायचा होता. म्हणून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, आयुष्यभर मालवणच्या शाळेत तेच शिकवलं. पण थोरले, तू फोनवर म्हणालीस, "आजी, मराठीत लिही, मी वाचीन, हळू वाचीन." म्हणून हे तुझ्याशीच बोलल्यासारखं लिहिते. धाकट्याने शेजारी बसून ऐकावं. तोही यात आहे, पण बहुतेक वेळ झोपलेला.

आमच्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते. तुझ्या वेळी तुझी आई आमच्याकडे देवबागला आली होती. धाकट्याच्या वेळी मात्र डॉक्टरांनी तिला विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरच बॅगेत भरून जर्मनीला न्यावं लागलं. शिमगा आटोपला आणि मी निघाले. डिंक, हळीव, खारीक, तिरफळं, आणि जुन्या कपड्यांत चार घड्या घालून बांधलेली सोलं. मराठीत त्यांना आमसुलं म्हणतात, आम्ही सोलां म्हणतो. आमच्या माशाच्या आमटीत ती पडली नाहीत तर तिला आमटी कोणी म्हणणार नाही. माझ्या लग्नानंतर सोलांच्या हंगामात मी घरी नाही असं पहिल्यांदाच घडणार होतं. आजोबांना मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

तुमच्या घरात पाऊल ठेवलं आणि पहिल्याच संध्याकाळी मला घराचा नियम कळला.

तू बोलत नव्हतीस. ऐकू येत होतं, कान तपासून झाले होते. सांगितलेलं सगळं करायचीस, चपला जागेवर ठेवायचीस, नाक पुसायला स्वतःहून रुमाल आणायचीस. पण तोंडातून शब्द नाही. 'मामा' म्हणजे आई आणि 'नाइन' म्हणजे नाही, एवढे दोन. बालवाडीच्या बाईंनी तुझ्या आईला बोलावून सांगितलं होतं की घरात एवढ्या भाषा झाल्या तर मुलीने कुठली धरायची? एकच भाषा ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वाचेच्या तज्ज्ञ बाई तुला बघतील आणि ठरवतील, तू तुझ्या मैत्रिणींबरोबर पुढच्या गटात जाणार, की गावाबाहेरच्या वेगळ्या शाळेत. ती शाळा वाईट नव्हती. पण सकाळी बस येऊन एकटीला घेऊन जाणार, आणि ज्या मुलीचा हात धरून तू बालवाडीत बसायचीस ती मुलगी इकडेच राहणार. हे आठवलं की तुझ्या आईचे डोळे भरायचे.

म्हणून घरात जर्मन. तुझे आईबाबा रात्रंदिवस कार्यालयातल्यासारखी जर्मन बोलायचे, तुला भात वाढतानासुद्धा.

"आई, तुला जर्मन येत नाही, तू इंग्रजी बोल," तुझी आई म्हणाली. "पण आपलं काही नको. प्लीज. तिच्यासमोर एक शब्दसुद्धा नको."

"आणि मी घरी फोन केला तर?"

"गॅलरीत."

मी नियम पाळणारी बाई आहे. शाळेत घंटा व्हायच्या आधी वर्गात असायचे. मी म्हटलं, ठीक आहे. गॅलरीचं दार लावून, शाल गुंडाळून मी आजोबांना फोन करायची.

"काय गो, चोरासारख्या कित्याक बोलतंस?"

"हळू बोला. सोलां घातलास?"

"रातांबे आणलंय. ढीग पडलो आसा अंगणात."

रातांबे म्हणजे कोकमाची पिकलेली फळं. ती फोडायची, बिया-गर काढायचा, त्यावर मीठ घालायचं की रस सुटतो. मग सालं उन्हात वाळवायची, परत त्याच रसात बुडवायची, परत वाळवायची. काळी होईपर्यंत हेच. घाई चालत नाही. एवढं सगळं मी आधी सांगितलं होतं, तरी पुन्हा सांगितलं.

"आनि नातीचा काय?" त्यांनी विचारलं. "बोलाक लागला काय?"

"नाय अजून."

"देवळात गाऱ्हाणां घालतंय."

"घाला. पण आदी त्या सालांक मीठ घाला."

आता टीव्हीकडे येते. जर्मनीत टीव्हीवर सगळं जर्मनच. अमेरिकेतले घोडेस्वारसुद्धा जर्मन बोलत गोळ्या झाडतात, ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. तुमच्या इमारतीत भिंतीतून केबल यायची, ती घरभाड्यातच धरलेली असे. तुझ्या बाबांनी एका रविवारी रिमोट घेऊन सगळ्या वाहिन्या फिरवून पाहिल्या, मला काही मिळतं का म्हणून. तीन इंग्रजी सापडल्या. एक बातम्यांची, तिच्यावर सतत कुठेतरी आग लागलेली. दुसरी शेअर बाजाराची. तिसरीवर घरं रंगवणं, बागा, आणि दुपारी स्वयंपाक.

"ही चांगली आहे," मी म्हटलं. "हिच्यावर भाषा स्वच्छ आहे. दोघी बघू. मी तिला एकेक शब्द सांगेन."

तुझे बाबा फोंडाघाटचे, समुद्रापासून लांबचे. ते म्हणाले, "चालेल की. मलाही माशाचं काही शिकता येईल." हे मी गॅलरीतून आजोबांना सांगितल्यावर ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "घाटाखालचो माणूस, तेका मासो बाजारातच दिसता. तेणी शिकाकच व्हया."

धाकटा जन्मला. आई आणि तो दुपारी झोपायचे, बाबा कामावर, आणि तू बालवाडीतून आल्यावर आपण दोघी सोफ्यावर. मी पाय वर घेऊन, तू माझ्या पोटाला टेकून. रस्त्यावरून ट्राम गेली की काचेचं कपाट थरथरायचं आणि तू ते हाताने धरायला उठायचीस, पडेल म्हणून.

स्वयंपाक करणारा तो माणूस लाल गालांचा, हात फळ्यांसारखे. कुठल्यातरी थंड किनाऱ्यावर त्याचं स्वयंपाकघर. मागे खिडकीतून समुद्र दिसायचा, पण करडा. मी शाळेतल्यासारखी सुरुवात केली. "Look, he is cutting the onion. Onion." तू कांद्याकडे बघायचीस, माझ्याकडे बघायचीस, आणि गप्प. मी चित्रांचे पत्ते आणले होते, तेही मांडायची. तू ते रंगांप्रमाणे लावायचीस. फार सुंदर लावायचीस. बोलायची नाहीस.

एक दिवस त्याने मासा आणला. चांगला ताजा होता, डोळा पाण्यासारखा. त्याने सुरी घेतली, मासा सोलला, दोन फोडी काढल्या, आणि डोकं, काटा, सगळं उचलून कचऱ्यात टाकलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे मेल्या, टकला टाकलंस? आता आमटी कसली करतलंस?"

तू चमकून माझ्याकडे पाहिलंस.

मी जीभ चावली. पण तो थांबेना. त्याने त्या फोडींवर दूध ओतलं. दूध! वास जावा म्हणून, असं म्हणाला. "वास खंय जातलो रे? समुद्रातलो मासो तो. गायीक विचारलंस?" मग पातेल्यात लोणी, मग कांदा, मग मलई, आणि झाली म्हणाला 'फिश स्टू'. पांढरीफटक. मी पदर सावरून पुढे सरकले आणि हात नाचवून त्याला विचारलं, "आनि सोलां खंय रे?"

तू हसलीस. मोठ्याने, पोट हलवून. मी तिथे आल्यापासून तुझं हसणं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शहाण्यासारखी इंग्रजीत सुरुवात केली. पण तू माझ्या गुडघ्यावर थाप मारून टीव्हीकडे बोट दाखवलंस. पुन्हा कर, म्हणून. मी विचार केला. नियम मुलीशी बोलण्याबद्दल होता, असं मी सोयीने धरलं. टीव्हीशी बोलण्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. तुमच्याशी मी इंग्रजीच बोलत होते. तो लाल गालांचा माणूस माझ्या घरचा नव्हता. त्याला मी कुठल्याही भाषेत शिव्या घालायला मोकळी होते.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्याची शाळा घेतली. कोळंबी आकसून जाईपर्यंत शिजवली की, "रबर करतंस काय रे?" तांदूळ धुवायचे राहिले की, "हात धुतलंस, तांदूळ कोण धुवतलो?" आणि पातेल्यात काहीही पडो, मासा असो की कोंबडी, अगदी सफरचंदाचा केक असो, शेवटी मी हात पसरायची आणि विचारायची, "आनि सोलां खंय रे?" त्याबरोबर तूही दोन्ही हात पसरायचीस. आवाज नाही, पण हात माझ्यासारखेच.

एकदा तुझी आई धाकट्याला खांद्यावर घेऊन दारात उभी. कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"कोणाशी बोलतेयस?" तिने इंग्रजीतच विचारलं.

"टीव्हीशी."

"टीव्हीला मालवणी येते?"

"त्याला काहीच येत नाही. मासा तळायच्या आधी पाण्यात भिजत घातलाय बघ."

ती हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून भिंतीला टेकली. मग गंभीर झाली. "आई, मी तुला सांगितलंय ना. मला भीती वाटते गं. ती बस येईल आणि ही एकटी..." पुढे बोलली नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "टीव्हीशीच बोल हां. हिच्याशी नको."

"हिच्याशी इंग्रजीच," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. पण त्या रात्री मी विचारात पडले, की मी पोरीचं भलं करते आहे की तिच्या डोक्यात तिसरं काहीतरी भरून तिला आणखी गोंधळवते आहे. बालवाडीच्या बाई शिकलेल्या होत्या. मीही शिकलेली होते, पण मी चाळीस मुलांचा वर्ग शिकवला होता. न बोलणारं एकच मूल कधी वाट्याला आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावलाच नाही. तू रिमोट आणून माझ्या मांडीत ठेवलास आणि शेजारी बसलीस. वाट बघत. मग लावला.

आजोबांचा फोन आला की आणखी वेगळी काळजी. "सालांवर पांढरी बुरशी इली गो."

"मीठ घातलास काय?"

"घातलंय. चिमूटभर."

"ओ, ता काय लोणचा चाखतास? पसाभर घालाचा! टाका ती, नवीन फोडा."

"रातांबे खाली पडान संपत इले."

"मग झाडावर हात लावा. नायतर यंदा आमी आमटीत लिंबू पिळतलो."

लिंबू म्हटल्यावर मात्र ते घाबरले.

वाचेच्या बाईंकडे जायचा दिवस आला. तुझी आई, तू आणि मी. धाकटा बाबांबरोबर घरी. तुझ्या आईने तुझे केस तीन वेळा विंचरले. ट्राममध्ये ती तुझ्या कानात जर्मन शब्द सांगत होती, सफरचंद, गाडी, मांजर, जसं काही परीक्षेच्या दारात पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत. तू बाहेर बघत होतीस.

त्या बाई माझ्या वयाच्या आसपासच्या होत्या, अंगात लोकरीचा स्वेटर, चष्मा गळ्यात. मला त्यांच्याशी इंग्रजीत बोलता आलं, बरं वाटलं. खोलीत खाली चटई, तिच्यावर लाकडी खेळण्यांचं स्वयंपाकघर. त्या जमिनीवर बसल्या, तुला समोर बसवलं. आधी चित्रं दाखवली. तू ती रंगांप्रमाणे लावलीस. बाहुली दाखवली, तू तिचा बूट नीट केलास. त्या हळूहळू जर्मनमध्ये बोलत होत्या, तू बघत होतीस. तुझी आई खुर्चीच्या काठावर, पर्सचा पट्टा पिळत.

मग त्यांनी एक लाकडी मासा घेतला. पिवळ्या रंगाचा, डोळा काळा. लहानशा पातेल्यात तो ठेवला, लाकडी गाजर टाकलं, चमच्याने ढवळलं, आणि पातेलं तुझ्यापुढे धरलं. बघ, तयार आहे, असं काहीतरी म्हणाल्या.

तू पुढे वाकून आत पाहिलंस. गाजर बाहेर काढलंस, मासा उचलून खाली पाहिलंस, पुन्हा ठेवलास. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंस, दोन्ही हात पसरलेस, आणि स्पष्ट म्हणालीस,

"आनि सोलां खंय ले?"

त्या बाई थांबल्या. तुझ्या आईच्या तोंडून आवाज निघाला, पण शब्द नाही. आता बोलता येत नव्हतं ते तिला.

"काय म्हणाली?" बाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. म्हटलं, आमच्या किनाऱ्यावर माशाच्या आमटीत एका आंबट फळाची वाळवलेली साल घालतात. तुम्ही ती घातली नाही. ती कुठे आहे, असं विचारते आहे.

"म्हणजे इथे नसलेली वस्तू ती मागते आहे," त्या म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी तुझ्याकडे पुन्हा नीट पाहिलं. "आणि योग्य माणसाला विचारते आहे. ही भाषा कोणती? घरात कोण बोलतं?"

"कोणी नाही," तुझी आई म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "माझी आहे. माझ्या आईची. आम्ही बंद केली होती."

"मुलीने बंद केलेली दिसत नाही."

"पण बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं..."

"त्यांच्याशी मी बोलेन. तुम्हाला जी भाषा विचार न करता येते ती तिच्याशी बोला. जर्मन बालवाडीत येईल, जरा उशिरा, पण येईल. मी आठवड्याला एकदा भेटेन. वेगळ्या शाळेचं काही कारण मला दिसत नाही." मग त्या तुझ्याकडे वळून म्हणाल्या, जर्मनमध्ये, आणि तुझ्या आईने मला नंतर सांगितलं: पुढच्या वेळी मी ते फळ आणून ठेवीन.

तू मान डोलावलीस, जशी माझ्याकडच्या मुलींनी गृहपाठ दाखवल्यावर मी डोलवायची.

घरी आल्यावर तुझ्या आईने चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेली, भांडी खणखणली. मी समजले, रडते आहे आणि आवाज झाकते आहे. मग दारात येऊन उभी राहिली. घसा खाकरला. भाषा बंद केल्यापासून पहिल्यांदा तिने तुला आपल्या भाषेत हाक मारली.

"गो बाय, जेवूक येतंस?"

तू उठून गेलीस. एवढंच झालं. पण तुझे बाबा धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते, त्यांनी त्या लहानग्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, आता मलाही घरात जरा सैल बोलता येईल."

त्या संध्याकाळी आजोबांना फोन गॅलरीतून केला नाही. फोन जेवणाच्या टेबलावर उभा केला, सगळ्यांना दिसेल असा. देवबागला रात्र झाली होती, त्यांनी पडवीतला दिवा लावला होता.

"काय झाला?" ते म्हणाले. "सगळी एकदम कशी?"

मी काही सांगायच्या आत तू खुर्चीवर उभी राहिलीस, तोंड फोनच्या काचेला लावलंस आणि विचारलंस, "आनि सोलां खंय ले?"

आजोबांना कोणी अरेतुरे करत नाही. त्यांचे धाकटे भाऊसुद्धा नाही. पण ते फोन घेऊन उठलेच. आम्हाला आधी छप्पर दिसलं, मग त्यांचा कान, मग अंधारातली माडाची झावळी. कुत्रा भुंकला. "थांब हां, थांब, दाखयतंय," एवढंच ऐकू येत होतं. मग दिव्याखाली सूप आलं, आणि सुपात सोलं. काळी, ओलसर, मिठाने चमकणारी.

"ही बघ! हय आसत! सगळी तुझीच."

तू बोट काचेवर ठेवून एकेक दाखवायला लागलीस. तुझी आई माझ्या कानात म्हणाली, "आई, बाबांनी केली? खरंच?" मी जवळ जाऊन पाहिली. थोडी जास्तच खारट दिसत होती. मी म्हटलं, "खरंच."

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. तू त्याच मैत्रिणीबरोबर पुढच्या गटात गेलीस. जर्मन आली, मग इंग्रजी, आणि आता मराठी वाचायला लागली आहेस. धाकट्याला तर बोलायला वेळच लागला नाही, कारण तू त्याच्या वतीनेही बोलत होतीस, ते थांबवायला त्याला बोलावं लागलं. तुमच्या घरी आता ती केबल नाही, सगळं मोबाइलवर बघता म्हणे. आमच्याकडे मात्र ती वाहिनी आहे. तो लाल गालांचा माणूस आता नसतो. दुसरी एक बाई येते. तीही माशाचं डोकं टाकून देते.

हे लिहून झालं तेव्हा टीव्हीवर ती बाई लागलेलीच होती. आजोबा समोर बसून तिला बोलत होते, माझ्यापेक्षा कडक. तेवढ्यात फोन वाजला, तुझा आवाजी निरोप, लांबलचक, शाळेपासून सुरू झालेला, मध्येच धाकट्याला दटावणारा, मे महिन्यात आल्यावर सोलं तूच बुडवणार, आजोबांनी हात लावायचा नाही, असं बजावणारा. श्वास घ्यायला थांबत नव्हतीस.

आजोबांनी माझ्याकडे हात केला.

"गो, त्या बायचो आवाज बारीक कर. माझी नात बोलता."